शॉर्टवेव्हवर तयार झालेला कान

व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्त करणं त्या मानाने सोपं. तो खरोखर नीट झाला आहे हे ठरवणं अवघड. मीडियम वेव्हवर मुंबई केंद्र कसंही लागायचं. खरी परीक्षा शॉर्टवेव्हची. लॅमिंग्टन रोडवर ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो त्या उस्तादांचा नियमच होता, की सेट दिवसा जुळवायचा आणि रात्री तपासायचा. शॉर्टवेव्हच्या लहरी आकाशात उंचावर असलेल्या आयनोस्फियरवरून परतून जमिनीवर येतात आणि सूर्य मावळला की त्या थराचं वागणं बदलतं. दिवसा 19 मीटरवर ठणठणीत लागणारं स्टेशन रात्री नाहीसं होतं, तर 31 आणि 49 मीटरचे पट्टे गजबजून जातात. पुढे गिरगावात स्वतःचं दुकान टाकलं तेव्हाही मी हा नियम पाळला. रात्रीच्या त्या तपासण्यांनी मला जॅझ दिलं. आता दुकान नाही, तसे सेटही उरले नाहीत. पण त्या कामाने लावलेली ऐकण्याची सवय टिकून आहे, आणि ती कशी लागली हे सांगावंसं वाटतं.

तपासणीसाठी मला ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’चा जॅझचा तास सर्वांत उपयोगी पडायचा. बोलणं कुठल्याही सेटवर कळतं. अर्धामुर्धा शब्द कान स्वतःच पुरा करून घेतो. संगीतात तशी सोय नसते. रेडिओच्या पोटात आय. एफ.चे डबे असतात, ते 455 किलोसायकलवर जुळवायचे. तेही प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने, कारण लोखंडाचा नुसता जवळ नेला तरी जुळणी हलते. डबे फार टोकदार जुळवले तर शेजारची स्टेशनं कापली जातात, पण आवाज गुदमरतो. सैल सोडले तर आवाज खुलतो, पण शेजारचं मॉस्को किंवा पेकिंग आत शिरतं. मधली जागा शोधायची असते आणि ती कुठल्याही मीटरवर दिसत नाही. ड्रमरची काठी झांजेवर पडते तो आवाज ‘टिक’ असा कोरडा येतो, की त्याला शेपूट आहे, यावर मी ती जागा ठरवायचो. पियानोचा सूर थरथरला तर पॉवर सप्लाय संशयित. ट्रंपेट चढला की आवाज फाटला, तर आउटपुटचा व्हॉल्व्ह थकलेला. अशा रीतीने ही वाद्यं मी आधी कामासाठी ओळखायला शिकलो. ती आवडू लागली ते नंतर, नकळत.

या कार्यक्रमाचं निवेदन विलिस कोनोव्हर करत. भरदार, खर्जातला, अतिशय सावकाश आवाज. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाचं ‘टेक द ए ट्रेन’ वाजे आणि मग तो आवाज येई. ही रचना बिली स्ट्रेहॉर्नची, आणि त्यातली ए ट्रेन म्हणजे न्यूयॉर्कमध्ये हार्लेमला जाणारी भुयारी गाडी. कोनोव्हर मुद्दाम सावकाश बोलत, कारण ज्यांची भाषा इंग्रजी नाही अशांसाठी ते बोलत होते. जानेवारी 1955 मध्ये त्यांनी हा कार्यक्रम सुरू केला आणि 1996 मध्ये जाईपर्यंत ते या कामात राहिले. पोलंड, रशिया, हंगेरीत त्यांचे लाखो श्रोते होते. खुद्द अमेरिकेत मात्र त्यांना फारसं कोणी ओळखत नव्हतं, कारण या केंद्राचं प्रसारण अमेरिकी श्रोत्यांसाठी करायला तिथल्या कायद्यानेच मनाई होती. ते गाण्याआधी वादकांची नावं सांगत, कोणत्या वाद्यावर कोण हे सांगत, रेकॉर्डिंगचं साल सांगत आणि बाजूला होत. वाजत असताना मध्ये बोलत नसत. रेडिओवर बोलणाऱ्या माणसाने संगीताचा मान कसा ठेवावा, हे मी त्यांच्याकडून शिकलो. दुरुस्तीच्या वहीच्या मागच्या पानांवर मी ती नावं देवनागरीत, कानाला आली तशी उतरवून ठेवायचो.

पण नावं उतरवली म्हणजे संगीत कळलं असं होत नाही. मी गणेशोत्सवातल्या गाण्यांवर वाढलेला. समेवर येणं मला कळत होतं. इथे सम कुठे आहे तेच हाती लागत नव्हतं. हा गुंता सोडवला तो एका गिऱ्हाइकाने. धोबीतलावच्या कुडात राहणारे एक गोवेकर सॅक्सोफोनवादक दुकानात यायचे. गोव्यातल्या गावागावांचे मुंबईत असे कूड होते. कामधंद्यासाठी आलेली माणसं तिथे आपल्या गाववाल्यांबरोबर राहत. हे सॅक्सोफोनवादक दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवत, रात्री हॉटेलात. मी त्यांना मास्तर म्हणायचो. त्यांचा सेट तयार झाला होता, जॅझचा तास चालू होता, आणि मी विचारलं, “मास्तर, यांना आपण कुठे आहोत हे कळतं कसं? ठेका देणारा तर मनाला येईल तसा वाजवतोय.”

त्यांनी काउंटरवर बोटं टेकवली. म्हणाले, “ड्रमर सोड. बास ऐक. आणि बारा मोज.”

त्यांनी मला तिथेच ब्लूजचं आवर्तन मोजून दाखवलं. बारा बार, प्रत्येकात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचा फेरा. पहिले चार बार षड्जावर उभ्या असलेल्या कॉर्डचे. मग दोन बार मध्यमावरचे, दोन परत घरी. नंतर पंचमावर जायचं, तिथून उतरायचं आणि शेवटचे दोन बार पुन्हा षड्जावर. ही जागाबदल डबल बास सतत सांगत असतो. आपल्याकडे तबला ठेक्याच्या बोलांतून जागा दाखवतो, इथे ती सुरांच्या बदलातून दिसते. ड्रमर मोकळा असतो, कारण पत्ता सांगण्याचं काम त्याच्यावर एकट्यावर नसतं. मास्तर बोटाने बार मोजत होते आणि बारावा संपून पहिला सुरू होताना दर वेळी एकच शब्द म्हणत होते, “आयक!”

अडचण अशी, की दुकानातल्या टेबल मॉडेलच्या लहान स्पीकरमधून डबल बासचे खालचे सूर जवळजवळ येतच नसत. त्यांच्या वरच्या अंशांवरून कान अंदाज बांधतो, एवढंच. म्हणून मी सागवानी फळ्यांची एक मोठी पेटी केली, तिच्यात बारा इंची स्पीकर बसवला आणि तपासणीच्या सेटला जोडला. त्या रात्रीपासून जॅझ माझ्यासाठी वेगळं झालं. आजवर वरचे मजलेच दिसत होते; आता पाया ऐकू येऊ लागला. कान तयार होणं म्हणजे नवीन काही कानावर पडणं नव्हे, जे पडतच होतं त्यातला एक धागा वेगळा धरता येणं, हे मला त्या पेटीने शिकवलं. धंद्यातही याचा उपयोग झाला. सेटमधली घरघर, शिट्टी, खरखर यांचा एकत्र गोंधळ ऐकून कोणी हताश होतो. एक आवाज धरून त्याच्या मागे गेलं की दोष सापडतो.

मास्तरांमुळेच मला कळलं की हे संगीत आपल्या शहराला नवं नाही. 1930च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन अॅबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड असे कृष्णवर्णीय अमेरिकी वादक येऊन वाजवत होते आणि गोवेकर वादक त्यांच्या शेजारी बसून शिकत होते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्टाफ नोटेशन वाचायला शिकवत, त्यामुळे ही मंडळी कागद समोर ठेवला की वाजवायला तयार. पुढे तीच सिनेमाच्या वाद्यवृंदांचा कणा झाली. आल्दोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, लुई आर्मस्ट्राँगच्या वळणाचा ट्रंपेट वाजवत. सी. रामचंद्रांनी ‘अलबेला’ला संगीत दिलं त्यात त्यांचा मोठा हात होता. ‘अलबेला’तल्या भगवानदादांच्या नाचावर डोलणाऱ्या माझ्या आईवडिलांच्या पिढीने 1951 सालीच जॅझ ऐकलं होतं, फक्त ते जॅझ आहे असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

दार कुठलंही असो, आत जाता येतं, हे मी दुकानात बघत होतो. आमच्या चाळीतले एक तबलावादक रेडिओ न्यायला आले तेव्हा डेव्ह ब्रुबेकचं ‘ब्लू राँडो आ ला तुर्क’ लागलं होतं. ते उभ्या उभ्या बोटांच्या पेरांवर मोजू लागले आणि दुसऱ्या फेऱ्यालाच म्हणाले, “दोन, दोन, दोन, तीन. नऊ!” बरोबर होतं. ही लय ब्रुबेकने 1958च्या दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकली होती. त्याच दौऱ्यात त्याचा चमू मुंबईतही आला होता आणि इथे ब्रुबेकने अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्या सतारीबरोबर वाजवलं होतं. ‘ब्लू राँडो’च्याच तबकडीवर पॉल डेझमंडचं ‘टेक फाइव्ह’ आहे, पाच मात्रांचं, तीन आणि दोन असं तुटणारं. झपतालाची सवय असलेल्या माणसाला त्यात पाऊल टाकायला वेळ लागत नाही. तबलावादकांना सॅक्सोफोन आवडला नाही, पण नऊ मात्रांसाठी ते पुन्हा पुन्हा येत राहिले.

आता ज्या प्रसंगाने माझं कामाकडे बघणं बदललं तो सांगतो. मास्तरांचा पुतण्या तारवटी होता, बोटीवर कामाला. त्याने माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही तबकडी आणली. मास्तरांनी ती माझ्या रेकॉर्ड प्लेअरवर लावली आणि सॅक्सोफोन काढून पहिल्या गाण्याबरोबर, ‘सो व्हॉट’बरोबर, वाजवू लागले. थांबले. माउथपीस थोडं आत ढकललं, पुन्हा वाजवलं, पुन्हा थांबले. म्हणाले, “तुझं मशीन पळतंय. सूर चढलाय.”

माझ्याकडे स्ट्रोबोस्कोपची कागदी चकती होती. तिच्यावर 33⅓च्या वेगासाठी 180 रेघा असतात. पन्नास सायकलच्या विजेवर चालणाऱ्या ट्यूबलाइटखाली चकती फिरवायची. वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी स्थिर दिसतात, मशीन पळत असेल तर पुढे सरकतात, रेंगाळत असेल तर मागे. मी आयडलरचं रबर पुसलं, मोटरच्या दांड्याला चिकटलेली धूळ काढली, चकती ठेवली. रेघा ठाम उभ्या. मी म्हटलं, “मास्तर, मशीन बरोबर आहे.” ते म्हणाले, “असेल. माझा कानही बरोबर आहे.” मग त्यांनी तबकडी उलटी केली आणि ‘ऑल ब्लूज’बरोबर वाजवलं. सूर तंतोतंत जुळला. पुन्हा पहिली बाजू लावली, पुन्हा चढा. तेच मशीन, तीच तबकडी, दोन बाजू दोन सुरांत. आम्ही दोघं गप्प झालो. त्यांनी आपलं म्हणणं सोडलं नाही, मीही नाही, आणि विषय तिथेच राहिला.

उत्तर मिळालं ते 1992 नंतर. तोवर मास्तर नव्हते. ही तबकडी 1959 साली न्यूयॉर्कमध्ये, पूर्वी चर्च असलेल्या एका स्टुडिओत, 2 मार्च आणि 22 एप्रिल अशा दोन दिवशी ध्वनिमुद्रित झाली. 2 मार्चला मुख्य टेपयंत्र किंचित हळू चाललं होतं. हळू चाललेल्या यंत्रावर घेतलेली टेप योग्य वेगाने वाजवली की सूर चढतो. इथे तो साधारण अर्ध्या स्वराच्या निम्म्याने चढला होता. त्या दिवशीची तीन गाणी पहिल्या बाजूवर होती. सोबत चालवलेल्या दुसऱ्या यंत्रावरची टेप वापरून 1992च्या आवृत्तीत ही चूक सुधारली. तेहतीस वर्षं सगळ्या जगाने ही बाजू चढ्या सुरात ऐकली होती. माझी चकती खरी होती आणि मास्तरांचा कानही खरा होता. दोष आमच्या दोघांच्या मध्ये नव्हताच, तो हजारो मैल दूर, आमच्या भेटीच्याही आधी होऊन गेला होता. दोन जाणकार माणसं एकमेकांच्या विरुद्ध बोलत असतील तर त्यांतला एक चुकलाच असेल असं मानायची घाई मी त्यानंतर कधी केली नाही. गिऱ्हाईक म्हणालं, “आवाज पहिल्यासारखा नाही,” आणि मीटर सगळं ठीक म्हणत असलं, तरी मी सेट परत उघडत असे.

ही तबकडी आजही माझी सर्वांत आवडती. आपल्या कानाला ती लवकर आपलीशी वाटते याला कारण आहे. जॅझच्या बहुतेक रचनांत कॉर्ड दर बारला, कधी अर्ध्या बारला बदलते. ‘सो व्हॉट’मध्ये सोळा बार एकाच स्वरसप्तकावर, मग आठ बार तेच सप्तक अर्धा स्वर वर, मग आठ बार पुन्हा पहिल्यावर. वाजवणाऱ्याला एका जागी रेंगाळायला वेळ मिळतो. ख्याल ऐकणाऱ्याला ही सैल जागा लगेच कळते. सुरुवातीला पियानो आणि बास ताल नसल्यासारखे चाचपत येतात. मग बास धून मांडतो आणि बाकीचे दोन सुरांत होकार देतात. धून संपून माइल्सचा ट्रंपेट सुरू होण्याच्या क्षणाला जिमी कॉब झांजेवर एक घाव घालतो. तो घाव जरा जोराचा पडला आहे. तो विरता विरता ट्रंपेटचे पहिले सूर त्याच्यातून बाहेर येतात. मी एवढं ऐकायला ती बाजू कित्येकदा लावली आहे. माइल्सने वादकांना आयत्या वेळी नुसते आराखडे दिले होते, आणि बहुतेक गाण्यांचं पहिलं संपूर्ण वादनच तबकडीवर आलं आहे. तो झांजेचा घाव पुन्हा मागितला असता तर तसा आला नसता.

रेडिओने माझ्यावर केलेला मोठा संस्कार हाच. कोनोव्हर जे वाजवत ते एकदाच वाजे. मागे नेता येत नसे. मध्येच आवाज बुडे, आयनोस्फियर हलला की सूर पाण्याखाली गेल्यासारखा होई, आणि गेलेले चार बार परत मिळत नसत. त्यामुळे लक्ष देऊनच ऐकावं लागे. पुढे तबकड्या हाती आल्या, हवं ते हव्या त्या वेळी लावता येऊ लागलं, तरी मी त्या रेडिओसारख्याच ऐकत राहिलो. हे संगीत वाजवणाऱ्यालाही ते एकदाच मिळालेलं असतं. ऐकणाऱ्याने ते तसंच घ्यावं हे मला न्यायाचं वाटतं.

आणि या संगीताचं किती तरी धन रेडिओनेच राखलं आहे. 1936 साली रेकॉर्ड निर्माते जॉन हॅमंड यांनी शिकागोत मोटारीतल्या रेडिओवर कॅन्सस सिटीच्या एका छोट्या केंद्राचं प्रसारण पकडलं आणि काउंट बेसीचा वाद्यवृंद जगासमोर आला. 1 ऑगस्ट 1942 पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. सगळ्या मोठ्या कंपन्यांशी तडजोड व्हायला 1944चा नोव्हेंबर उजाडला. नेमक्या त्याच काळात बीबॉप ही जॅझची नवी शैली घडत होती. त्या दिवसांतलं जे काही आज ऐकायला मिळतं, त्यातलं बरंच रेडिओ प्रसारणांच्या आणि हौशी माणसांच्या मुद्रणांमुळे.

यातली माझी सर्वांत लाडकी गोष्ट न्यूपोर्टची. 7 जुलै 1956च्या रात्री ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद न्यूपोर्टच्या महोत्सवात वाजवत होता. दोन जुन्या ब्लूज रचनांना जोडणाऱ्या मधल्या भागात टेनर सॅक्सोफोनवादक पॉल गोन्साल्विस उभे राहिले आणि बारा बारांचे सत्तावीस फेरे वाजवले. लोक खुर्च्यांवर चढले, नाचू लागले. एलिंग्टनचं नाव मागे पडत चाललं होतं, ते त्या रात्रीने पुन्हा वर आणलं. पण तबकडीवर हा सॅक्सोफोन दूरवरून आल्यासारखा ऐकू येतो. कारण व्यासपीठावर दोन मायक्रोफोन होते, एक रेकॉर्ड कंपनीचा आणि दुसरा व्हॉइस ऑफ अमेरिकेचा. गोन्साल्विस दुसऱ्यासमोर वाजवत राहिले. रेडिओची ती टेप नव्वदच्या दशकात सापडली, आणि 1999 मध्ये दोन्ही टेपा जोडून नवी आवृत्ती निघाली. तिच्यात तो सॅक्सोफोन समोर येऊन उभा राहतो. मास्तरांना या वादकाच्या आडनावाचं फार कौतुक होतं. गोन्साल्विस यांचं घराणं केप व्हर्डेचं, म्हणजे गोव्यासारखंच पोर्तुगीज अमलाखालच्या बेटांवरून अमेरिकेत गेलेलं. “आपलाच,” मास्तर म्हणायचे, आणि ते ऐकून मलाही तो आपलाच वाटायचा. नवी आवृत्ती ऐकायला ते हवे होते.

दुसरी तशीच टेप 29 नोव्हेंबर 1957ची. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये थेलोनियस मंक आणि जॉन कोल्ट्रेन यांचं वादन याच रेडिओने मुद्रित केलं होतं. ती पेटी लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पडून होती. 2005 साली हाती लागली आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. दोघं एकत्र फार थोडे महिने होते आणि त्या काळाचं मुद्रण अगदी तुटपुंजं होतं. मी ती ऐकली तेव्हा दुकान बंद झालेलं होतं. मंक पियानोवर एक सूर ठेवतो आणि थांबतो. कोल्ट्रेन त्या थांबलेल्या जागेत सुरांची रास ओततो. आवाज इतका स्वच्छ आहे, की ते मायक्रोफोन लावणाऱ्या अनामिक कारागिरांना मी मनोमन नमस्कार केला. आमच्या धंद्यात चांगलं काम असंच असतं. नाव राहत नाही, काम राहतं.

रेडिओ काय देऊ शकत नाही, तेही एकदा कळलं. 1978 साली मुंबईत पहिली ‘जॅझ यात्रा’ झाली. निरंजन झवेरी आणि जॅझ इंडियाच्या मंडळींनी घडवून आणलेला तो महोत्सव धोबीतलावच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली भरला होता. सॉनी रॉलिन्स आले होते. मी पहिल्यांदाच हे वादक डोळ्यांनी बघत होतो, आणि मला सर्वांत जास्त दिसल्या त्यांच्या नजरा. सोलो संपत आला की वादक मान किंचित वळवतो, ड्रमर ते बघतो, बासवाला हसतो, आणि पुढच्या फेऱ्याला सगळं बदलतं. इतकी वर्षं मी जो एकोपा ऐकत होतो तो असा घडत होता. जो वाजवत नव्हता तोही पूर्ण लक्ष देऊन ऐकत होता. या संगीतात ऐकणं हे वाजवण्याइतकंच मोठं काम आहे, हे त्या रात्री पक्कं झालं. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातले कार्यक्रम थांबले. मुंबईने एक चांगली जागा गमावली, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन तबकड्यांबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिली लुई आर्मस्ट्राँगची ‘वेस्ट एंड ब्लूज’, 28 जून 1928, शिकागो. जेमतेम सव्वातीन मिनिटांची. सुरुवातीला ट्रंपेट एकटाच, सोबतीला कुणी नाही, ठेका नाही; पंधरा सेकंदांच्या आत तो खालून वर चढतो, वरून कोसळतो, आणि मग संथ ब्लूज सुरू होतो. मध्ये आर्मस्ट्राँग क्लॅरिनेटबरोबर शब्दांवाचून गातो. शेवटच्या फेऱ्यात एकच वरचा सूर चार बार धरून ठेवतो, आणि त्याखाली पियानोच्या कॉर्ड बदलत राहतात. तानपुऱ्यावर षड्ज लावून बसलेल्या माणसाला एका सुराची ताकद नव्याने सांगावी लागत नाही, पण तीच ताकद इथे उलटी दिसते: सूर स्थिर आणि आधार हलता.

दुसरी कोल्ट्रेनची ‘अ लव्ह सुप्रीम’. 9 डिसेंबर 1964 रोजी न्यू जर्सीत रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत ती झाली. कोल्ट्रेनना आपल्या संगीताची ओढ होती. रविशंकरांच्या नावावरून त्यांनी मुलाचं नाव रवी ठेवलं. या तबकडीचा चौथा भाग ‘साम’ मी पहिल्यांदा शॉर्टवेव्हवर ऐकला. आवाज येत-जात होता, तरी मला सारखं वाटत होतं, की हा माणूस वाजवत नाहीये, काही तरी म्हणतोय. कितीतरी नंतर कळलं, की कोल्ट्रेनने स्वतः लिहिलेली प्रार्थना अक्षर अक्षर सॅक्सोफोनवर उच्चारली आहे. ती कविता तबकडीच्या वेष्टनावर छापलेली आहे. खरखरीतून आलेल्या सुरांतही शब्दांचा चढउतार पोचला होता. आशय प्रामाणिक असेल तर वाईट सेटवरूनही तो पोचतो, यावर माझा विश्वास तेव्हापासूनचा.

नव्वदच्या दशकात व्हॉल्व्हचे सेट यायचे थांबले, मग ट्रान्झिस्टरही. शॉर्टवेव्हचे पट्टे ओस पडत गेले. दुकान बंद केलं. मुलगी न्यू जर्सीत स्थायिक झाली म्हणून तिकडे राहायला गेलो, तर तिच्या स्वयंपाकघरातल्या छोट्या रेडिओवर 88.3ला नेवार्कचं डब्ल्यूबीजीओ लागलं आणि 89.9ला कोलंबिया विद्यापीठाचं डब्ल्यूकेसीआर. डब्ल्यूकेसीआरवर शनिवार-रविवार सोडून रोज सकाळी फिल शाप नावाचे गृहस्थ फक्त सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करवर बोलत. 1981 पासून 2021 मध्ये जाईपर्यंत त्यांनी तो कार्यक्रम चालवला. एका ध्वनिमुद्रणावर ते अर्धा अर्धा तास बोलत: कोणत्या दिवशी झालं, कोण उशिरा आलं, कोणता प्रयत्न फसला आणि का. कोनोव्हर यांचा स्वभाव कमी बोलण्याचा, यांचा सगळं सांगण्याचा. दोघांची कळकळ एक. न्यूपोर्टच्या त्या दोन टेपा जोडून नवी आवृत्ती करणारे निर्माते हेच, हे कळल्यावर मी त्यांचं बोलणं अधिक आदराने ऐकू लागलो. लेकीला वाटे बाबा इंग्रजी सुधारताहेत.

आता मी परत गिरगावात आहे, आणि इंटरनेटवर हीच केंद्रं इथे बसून स्वच्छ ऐकू येतात. तरुण मुलं मला विचारतात, जॅझ कळत नाही, कुठून सुरुवात करू? मी एकच सांगतो. खूप ऐकू नका. ‘सो व्हॉट’ घ्या, नऊ-साडेनऊ मिनिटांचं आहे. दिवे चालू असू देत, डोळे मिटायची गरज नाही. पण हातात दुसरं काम नको आणि मध्ये थांबवणं नको. पहिल्यांदा फक्त बास ऐका, पॉल चेंबर्सची बोटं कुठे जातात तेवढं. दुसऱ्या दिवशी फक्त झांज. तिसऱ्या दिवशी पियानो काय वाजवतो ते नाही, कुठे गप्प बसतो ते. चौथ्या दिवशी सगळं एकत्र. लहान फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यातून बास येत नाही. साधेसे का होईना, हेडफोन घ्या. एवढं केलंत तर जॅझ कळण्यासाठी कुणा मास्तरांची गरज पडणार नाही. आणि जवळपास कुणी हे संगीत प्रत्यक्ष वाजवत असेल तर तिकीट काढून जा. ते वादन पुन्हा तसं होणार नाही.